फडावर जाण्याआधी

अंबाजोगाई,
१४ जून

चि. मुक्ता,


तुझं पत्र आणि सोबतची प्रश्नावली मिळाली. एम.ए.च्या प्रबंधासाठी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्याचा विषय घेतलास, याचा आनंद झाला आणि जराशी धास्तीही वाटली. तुझ्या आराखड्यात ‘संशोधनातील नीती’ हे प्रकरण दीड पानात उरकलंय. त्यातलंही एक पान संमतिपत्राच्या नमुन्यानं खाल्लंय.

यात तुझा एकटीचा दोष नाही. हा भाग सगळीकडे असाच शिकवतात. मिलग्रामचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग सांगायचा, मग लॉड हम्फ्रीज. या गृहस्थानं अमेरिकेत सार्वजनिक स्वच्छतागृहांत चोरून भेटणाऱ्या पुरुषांवर नजर ठेवली, त्यांच्या मोटारींचे नंबर टिपून पत्ते मिळवले आणि वर्षभरानं वेश बदलून, आरोग्य पाहणीच्या नावाखाली त्यांच्याच घरी जाऊन मुलाखती घेतल्या. १९७० साली त्याचं पुस्तक आलं, तेव्हापासून जगभरची मुलं परीक्षेत त्याला झोडपून गुण मिळवतात. पण तू काही कुणाला फसवायला निघालेली नाहीस. तुझा हेतू चांगला आहे, आणि म्हणूनच जास्त जपायला हवं. लबाड माणूस निदान सावध तरी असतो.

तुझा विषय इथं नवा नाही, हे आधी लक्षात घे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहांमागे एक. हे बाहेर यायलाच हवं होतं. पण त्यानंतर गावोगाव जी रीघ लागली, ती तुझ्या पुस्तकांत सापडणार नाही. पत्रकार आले, संस्था आल्या, विद्यापीठं आली. त्याच त्या बायकांना तेच ते प्रश्न. बिस्किटांचे पुडे वाटून फोटो काढणारेही येऊन गेले (या पुड्यांवर कुणीतरी वेगळा प्रबंध लिहायला हवा). माझ्या ओळखीची धारूरकडची एक बाई अनोळखी पाहुणी दिसली, की तिनं तोंड उघडायच्या आत विचारते, “पिशवीचंच ना? बसा, सांगते.” आणि घडाघडा सांगते. पाठ झालंय तिला. तुझ्याही वहीत तेच उतरेल आणि तू म्हणशील, मुलाखत छान झाली.

आता संमतिपत्र. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या पैशापोटी कागद होतो, कधी स्टँपवर, कधी कोऱ्यावरच. त्यावर सही नाहीतर अंगठा. पुढं हिशेब जुळला नाही, उचल फिटली नाही, की तोच कागद बाहेर निघतो. अशा बाईपुढं पुण्याहून आलेली मुलगी छापील कागद धरते आणि म्हणते, “इथं सही करा, तुमच्याच संरक्षणासाठी आहे.” तिच्या आयुष्यात तिच्या संरक्षणासाठी म्हणून कुणी कागद केलाय का? एक तर ती घाबरून सही करेल, नाहीतर तुझा मान राखायचा म्हणून. दोन्हीला संमती म्हणत नाहीत. तोंडी विचार. कशासाठी विचारतेस, कुठं छापणार, कोण वाचणार, हे तिच्या बोलीत सांग. नको वाटेल तिथं थांबता येईल, हेही सांग, आणि ती थांबली की खरंच थांब. विभागाच्या समितीला कागदच हवा असेल, तर तोंडी संमतीची नोंद साक्षीदारासह चालते का, ते आधी विचारून घे. तशी पद्धत आहे.

दुसरं, उतरायचं कुठं. मुकादमाच्या घरी सोय होईल, असं तू लिहिलंयस. होईल, उत्तम होईल, जेवणही चांगलं मिळेल. आणि मग बायका तुला मुकादमाची पाहुणी म्हणून उत्तरं देतील. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या रामपुऱ्याला राहिले ते गावच्या प्रमुखाच्या आश्रयानं. त्यामुळे दलित वस्तीत आणि मुसलमानांत आपली ऊठबस कमी झाली, गाव आपल्याला वरच्या जातींच्या बाजूनं दिसलं, हे त्यांनी पुढं स्वतःच लिहिलं. १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या टिपणांच्या संस्कारित प्रती आगीत जळाल्या आणि आठवणींवर त्यांनी ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ उभं केलं, ही गोष्ट सगळे कौतुकानं सांगतात. मुक्कामाची गोष्ट कुणी सांगत नाही, आणि तुझ्या कामाची तीच आहे. अंगणवाडीताईंकडे किंवा आशाताईंकडे विचार. तेही अगदी तटस्थ घर नव्हे, पण तिथं निदान उचलीचा हिशेब होत नाही.

तुझं नाव ऐकलं की आडनाव विचारतील, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही कुणातले?” तू त्यांची जात प्रश्नावलीच्या तिसऱ्या ओळीत विचारणार आहेस, तेव्हा त्यांनी तुझी विचारली तर कसंनुसं तोंड करू नकोस. सरळ सांग. वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, मराठा अशा सगळ्यांतल्या टोळ्या आहेत. कुणाच्या कोपीत (फडावरच्या खोपटात) तू पाणी प्यायलीस आणि कुणाच्या नाही, याची नोंद तुझ्याआधी त्यांच्याकडे होते.

नावं बदलून लिहिणार, म्हणजे ओळख लपली, असं तुला वाटतंय. पुण्यात लपेल, गावात नाही. ‘पस्तिशीतली, दोनदा सरपंचपदाला उभी राहिलेली, नवरा गाडीवान’ एवढं लिहिलंस, की तालुक्यात शेंबडं पोरही नाव सांगेल. अमेरिकेत व्हिडिच आणि बेन्समन यांनी १९५८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावावर पुस्तक लिहिलं. गावाला ‘स्प्रिंगडेल’ असं खोटं नाव दिलं, माणसांनाही खोटी नावं दिली. गावकऱ्यांनी पुस्तक वाचून ज्याला त्याला ओळखलं. मग चार जुलैच्या मिरवणुकीत लोक मुखवटे घालून, पुस्तकातली टोपणनावं लावून फिरले, आणि त्यांच्यामागून शेणखत पसरायची गाडी, तिच्यावर खतात वाकून पाहणारा लेखकाचा पुतळा! आपल्याकडे अशी मिरवणूक निघणार नाही. आपल्याकडे बाईला घरात बोलणी बसतील, किंवा पुढच्या हंगामाला मुकादम त्या कोयत्याला उचल देणार नाही, आणि ते तुला कधी कळणारही नाही. तेव्हा दोघीतिघींचे तपशील मिसळ, गाव तालुक्यात विरघळव, आणि माहिती कितीही बोलकी असली, तरी तिच्यावरून बाई ओळखू येत असेल तर सोडून दे. प्रबंध थोडा फिका पडला तरी चालेल.

सगळ्यात अवघड आता लिहिते. तू एखाद्या घरात बसलेली असशील आणि बोलता बोलता कळेल, की पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरलंय. गुप्ततेचा शब्द तू दिलेला आहेस. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, ग्रामसेवकच गावातला प्रतिबंध अधिकारी, आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर एक फोन केला तर लग्न थांबतं. पोक्सो कायदा तर सांगतो, की अल्पवयीन मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला आहे त्यानं ती कळवलीच पाहिजे. त्यात संशोधकाला सवलत नाही. म्हणून बोलायला बसतानाच सांगून ठेव, की सगळं माझ्यापाशी राहील, पण लेकराच्या जिवाचं काही असेल तर मी गप्प बसणार नाही. असं म्हटल्यावर काही जणी काही गोष्टी सांगणार नाहीत. न सांगू देत.

फोन करण्याआधी आईशी मात्र बोल. ती पोरीची वैरीण नाही. दसरा-दिवाळीनंतर दोघं सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जाणार, मागं वयात आलेली पोर म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर ठेवायची की फडावर उघड्या कोपीत न्यायची, हा तिच्यापुढचा प्रश्न. लग्न लावलं तर जबाबदारी उतरते आणि वर नवा कोयता तयार होतो. फोननं लग्न थांबेल, हा पेच सुटणार नाही. तरीही फोन करावा, असं माझं मत आहे. फक्त त्याआधी जवळचं वसतिगृह कुठं आहे, जागा आहे का, याची चौकशी करून ठेव.

बायका विचारतील, “मॅडम, याचा आम्हाला काय फायदा?” काही नाही, असं सांगायची लाज बाळगू नकोस. योजना मिळवून देते, असं चुकूनही म्हणू नकोस. ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकाकडे होते आणि ओळखपत्रही तिथंच मिळतं, एवढं ठाऊक असू दे आणि विचारलं तर सांग. काम झाल्यावर चार पानं सोप्या मराठीत लिहून गावात वाचून दाखव. त्यांनी हरकत घेतलेलं वाक्य काढ किंवा हरकतीसह छाप. कोयनेच्या धरणानं उठवलेल्या लोकांची इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर यांनी केलेली पाहणी डेक्कन कॉलेजनं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. ती बघून ठेव. धरण बांधून झाल्यावर उठलेल्या माणसांकडे परत जाऊन विचारायला हवं, हे त्या काळी कुणाला तरी सुचलं, एवढ्यासाठी तरी.

आता तुझा सतरावा प्रश्न. ‘शस्त्रक्रियेचा निर्णय कोणाचा होता? अ) स्वतःचा, आ) पतीचा, इ) डॉक्टरांचा, ई) मुकादमाचा.’ मुक्ता, बहुतेक जणी ‘स्वतःचा’ म्हणतील. ते खोटंही नाही. पहाटे चारला फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, रात्री ट्रक आला की भरायला उठायचं. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पाळीत अंगावरून जातंय म्हणून एक दिवस बसलं तर खाडा लागतो. तशात डॉक्टर म्हणतो, काढून टाका, पुढं कॅन्सर होईल. लेकरं झालेली आहेतच. ती हिशेब करते आणि हो म्हणते. या ‘हो’वर तू बरोबरची खूण केलीस, की तुझ्या तक्त्यात ‘६० टक्के महिलांचा स्वतःचा निर्णय’ असा आकडा येईल, आणि तो आकडा उद्या कारखान्याचा वकील वापरेल, दवाखान्याचाही वापरेल. तुझ्या हेतूला तिथं कुणी विचारणार नाही.

त्यापेक्षा हे विचार: दुखणं पहिल्यांदा कधी सुरू झालं, आधी कुठं दाखवलं, औषध किती दिवस घेतलं, दुसऱ्या डॉक्टरकडे का गेलात किंवा का नाही, पैसे कुणाकडून आणले, ऑपरेशननंतर किती दिवसांनी पुन्हा कोयता हातात घेतला. उत्तरं खुणांत बसणार नाहीत, लिहून हात दुखेल. पण निर्णय कोणाचा, हे त्यातून वाचणाऱ्याला आपोआप दिसेल. ठरवायचं काम त्या बाईवर ढकलायचं नाही.

प्रश्नावली दुरुस्त करून मला पाठव. जानेवारीत थेट फडावर जायचा बेत सोड. तिथं तू विचारशील तो वेळ तिच्या झोपेतून जाईल. आधी गावातच ये, बायका खुरपणीला असतात तेव्हा, संध्याकाळी बोलता येतं. गणपतीच्या आधी आलीस तर बरं. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या, की गावात म्हाताऱ्यांशिवाय कुणी भेटणार नाही.

तुझी,
आत्या