उलट्या दिशेची गाडी

दुधनी,
१९ जानेवारी २०२६

चि. तम्मा यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझा लेक सुखरूप आहे. शनिवारी फोनवर एवढंच सांगता आलं. पुढे तू रागावलास, मग रडलास, आणि बोलणं राहून गेलं. म्हणून हे लिहून आज रात्री पुण्याला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती देते आहे. सूनबाईलाही वाचायला दे.

लातूरच्या नीटच्या क्लासमधून निघून तो एसटीने सोलापूरला आला आणि स्टेशनवर बराच वेळ बसून राहिला. पुण्याची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. तीत न चढता त्याने गुलबर्ग्याकडची पॅसेंजर धरली आणि दुधनीला उतरला. तुझ्या घराकडे पाठ करून तो माझ्याकडे आला, याचा मला आनंद झाला नाही. जेवताना विचारलं, "इकडेच का रे आलास?" तर म्हणाला, "आत्याआजी, तू मार्क विचारत नाहीस."

तू रोज रात्री त्याला फोन करतोस आणि पहिला प्रश्न असतो, आजच्या टेस्टला किती पडले. त्यामागे माया आहे हे मला कळतं. फीचे हप्ते तू कसे भरतोस तेही ठाऊक आहे. पण नोव्हेंबरात त्याला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचला टाकलं, नावांची यादी भिंतीवर लावली, हे त्याने तुला सांगितलेलं नाही. दोन महिने तो तुला खोटे आकडे सांगत होता. गेल्या जुलैत सुप्रीम कोर्टाने क्लासवाल्यांनाही बजावलं आहे की गुणांवरून बॅचेस पाडू नका, मुलांची चारचौघांत लाज काढू नका. क्लासशी काय बोलायचं ते नंतर बोलू. पोराला खोटं बोलावं लागलं ते तुझ्याशी, ते आधी बघ.

आपल्या घराची ही रीत नव्हती रे. आप्पांची मार्केट यार्डात अडत होती. तुरीचा भाव कोसळला, कुणाची उधारी बुडाली, की ते त्याच संध्याकाळी ताटावर बसून सांगायचे, आज एवढे गेले. अव्वा गप्प राहून त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायची. वाईट बातमी आपल्या घरात रात्र काढत नसे. तू लहानपणी त्याच पंगतीला बसायचास. तुझ्या घरी नुकसान सांगायची सोयच राहिली नाही, हे कधी झालं?

मी स्वतः यातून मोकळी नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गात पेपर वाटताना गुण मोठ्याने वाचायची, कमी गुणांपासून सुरुवात करून. सहावीत एक मुलगी होती. घरी कानडी, शाळेत मराठी. गणित तिला येत होतं, गणिताची भाषा येत नव्हती. तिचं नाव मी सलग तीन वेळा पहिलं वाचलं. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तिची आई म्हणाली, पोर झोपेत नंबर बडबडते. त्यानंतर मी कधीही गुण मोठ्याने वाचले नाहीत, पण त्या पोरीचं शिक्षण तिथेच थांबलं. म्हणून तुला हात जोडून सांगते आहे.

आता अवघड गोष्ट. रविवारी सकाळी मी त्याला सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्याने मुलांच्या मनात नसलेलं भरतं, हा समज खोटा आहे, विचारल्याने त्यांचा भार हलका होतो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सकाळी उठूच नये असं वाटतं." मी घाबरले, पण तोंडावर दिसू दिलं नाही. १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्यांनी सांगितलं तसं केलं. फवारणीची औषधं घरातून शेतावरच्या कोठीत हलवून तिला कुलूप लावलं, आणि रात्री त्याच्याच खोलीत अंथरूण टाकते.

२०२२ सालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. राज्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, १,७६४. आणि गेल्या जूनमध्ये सांगली जिल्ह्यात सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून बापाने मारलेली मुलगी दगावली. बाप शिकलेला माणूस. तू हात उचलणारा नाहीस, मला माहीत आहे. पण शब्दही लागतात, आणि तुझा अबोला तर फार लागतो.

नीटचं म्हणशील तर २०२५ ला बावीस लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. जी मुलं राहिली ती सगळी आळशी होती का? बारावी तोंडावर आहे. त्याला झेपलं तर तो देईल, नाही तर पुढच्या वेळी देईल. हे डॉक्टरांशी बोलून ठरवू, आणि ठरवताना त्याला समोर बसवू.

दोन दिवस तो नुसता झोपला. आज दुपारी यार्डात आला. नवीन तूर आली आहे, काट्यापाशी हमालांचं काम बघत उभा राहिला. घरी येऊन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागून खाल्ली. याला मी बरं झालं म्हणत नाही. त्याला उपचार लागतील, कदाचित गोळ्याही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुला साखर निघाली तेव्हा तू लाजला नाहीस.

परवा, बुधवारी, आम्ही पहाटे निघून सोलापूरला सर्वोपचार रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाणार आहोत. तू उद्या रात्रीच्या गाडीने निघ. येताना पुस्तकं आणू नकोस. घरी त्याची जुनी बॅट असेल तर ती आण.

सकाळी आम्ही केसपेपरच्या रांगेत असू. तो तुला बघेल तेव्हा जेवलास का, एवढंच विचार.

तुझी,
आत्या