नवजात बालकाचे मोडलेले हाड : प्रसूतीतील इजा की मारहाण?

नवजात बालकाचे हाड मोडलेले आढळले की घरात भीती आणि बाहेर संशय निर्माण होतो. हरसूल परिसरातील पाड्यांवर बाळंतपण घरी किंवा वाटेत झाले असल्यास जन्मवेळची लेखी नोंद नसते आणि निदान अधिक कठीण होते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रसूतीत सर्वाधिक वेळा मोडते ते गळ्याखालचे हाड, म्हणजे कॉलरबोन. बाळ वजनदार असल्यास किंवा खांदा अडकल्यास असे घडते. पायाळू बाळाच्या दंडाचे वा मांडीचे हाडही क्वचित मोडते. बाळ एक हात कमी हलवते, उचलताच रडते. कधी आठ-दहा दिवसांनी हाताला गाठ लागते, तेव्हाच ही इजा कळते. कॉलरबोन बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जुळते.

इजेचा काळ हाडच सांगते. जन्मवेळी मोडलेल्या हाडाभोवती साधारणतः ७ ते १० दिवसांत नवे हाड क्ष-किरण चित्रात दिसू लागते. बाळ तीन आठवड्यांचे असून तेथे नवे हाड मुळीच नसेल, तर इजा जन्मानंतरची असण्याचा संभव अधिक.

कण्याजवळच्या बरगड्या मोडणे, लांब हाडांच्या टोकांशी कपचे निघणे, निरनिराळ्या काळातील अनेक इजा, ही चिंतेची लक्षणे होत. छाती जोराने आवळल्याने किंवा हातपाय हिसकल्याने अशा इजा होतात. १९४६ साली डॉ. जॉन कॅफी यांनी आणि १९६२ साली डॉ. हेन्री केम्प व सहकाऱ्यांनी अमेरिकेत याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले.

तथापि एका चित्रावरून कोणास दोषी ठरविणे अन्यायाचे होय. हाडांचा जन्मजात ठिसूळपणा, मुडदूस, आईकडून आलेला उपदंश, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांमुळेही हाडे कमकुवत होतात. म्हणून संपूर्ण तपासणी, रक्तचाचण्या आणि सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा क्ष-किरण चित्र आवश्यक असते. त्यानंतरही संशय राहिल्यास बालकल्याण समिती अथवा १०९८ या मदतवाहिनीला कळविणे बालकाच्या हिताचे ठरते.

पालकांस आमची विनंती अशी : बाळंतपण कोठेही होवो, पहिल्या २४ तासांत बाळास तपासून घ्यावे आणि तपासणीचा कागद जपून ठेवावा. देणगीदारांच्या साहाय्यातून होणारी अशी प्रत्येक नोंद निरपराध मातेचे रक्षण करते आणि असुरक्षित बालकाचेही.