घरच्या हॉट टबचे पाणी निर्जंतुक ठेवण्याविषयी



अमेरिकेतील नव्या घरी हॉट टब बसवताना पाणी निर्जंतुक ठेवण्याची पद्धत रोज लक्ष मागणारी नसावी, ही चिरंजीव भाच्याची अपेक्षा रास्तच आहे. मात्र कमी देखभाल आणि कमी जंतुनाशक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवरून या टबाची कल्पना करू नये, कारण तिथे जमिनीतून गरम पाणी सतत येत राहते, तर टबात हजार-दीड हजार लिटर तेच पाणी महिनोन्‌महिने फिरते आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा घाम, तेल व मळ त्यात साठत जातो.

३८ ते ४० अंश सेल्सिअसचे हे पाणी लेजिओनेला या जंतूला विशेष मानवते. हा जंतू पाण्याच्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात शिरून गंभीर न्यूमोनिया घडवतो. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात केवळ मांडून ठेवलेल्या अशाच एका टबाच्या तुषारांमुळे साथ पसरली आणि किमान ३२ माणसे दगावली. पन्नाशी ओलांडलेल्यांना हा धोका अधिक असतो, म्हणून भारतातून आजी-आजोबा येऊन राहणार असलेल्या घरात तर याबाबत कोणतीही सवलत घेऊ नये.

पद्धतीची पहिली कसोटी म्हणजे अवशिष्ट मात्रा, अर्थात पाण्यात सतत शिल्लक राहणारे आणि मोजता येणारे जंतुनाशक. ओझोन व अतिनील किरण आपल्या यंत्रातून जाणाऱ्या पाण्यातील जंतू मारतात, पण टबात अवशिष्ट मात्रा ठेवत नाहीत. चांदी व तांब्याची खनिज-नळकांडी फार सावकाश काम करतात. ही सर्व साधने साहाय्यक म्हणून चांगली आहेत, एकटी पुरेशी नाहीत. मिठापासून विजेच्या साहाय्याने क्लोरीन तयार करणारे यंत्र सोयीचे असले, तरी त्याच्या विद्युत्पट्ट्यांवर क्षारांची पुटे चढतात आणि त्या अधूनमधून साफ कराव्या लागतात.

क्वचित वापराच्या घरगुती टबाला ब्रोमीन अधिक योग्य ठरते. टबातील फवारे पाण्यात हवा मिसळतात, त्यामुळे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सामू, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, सारखा वर सरकतो. सामू ८ झाला की क्लोरीनचा बहुतांश भाग दुबळ्या रूपात जातो, उलट ब्रोमीनचा बहुतांश भाग प्रभावी रूपातच राहतो. पाणी भरताच सोडियम ब्रोमाइड घातले, तर ऑक्सिडीकारक द्रव्य त्याचे ब्रोमीन बनवते, जंतूंवर काम करून ते बव्हंशी पुन्हा ब्रोमाइड होते आणि ऑक्सिडीकरणाने परत जागे होते. ओझोनही हे परिवर्तन घडवतो; त्यामुळे ब्रोमाइड व ओझोन यांची जोडी खरोखर श्रम वाचवते. तरंगत्या डबीतील ब्रोमीनच्या गोळ्या उरलेली तूट हळूहळू भरून काढतात. ब्रोमीन उन्हात लवकर नष्ट होते, तेव्हा झाकण नेहमी घट्ट लावलेले असावे.

एवढे केल्यावरही आठवड्यातून दोनदा आणि टबात उतरण्यापूर्वी तपासणीपट्टी बुडवून पाहणे टळत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ब्रोमीन दर लिटरला ४ ते ८ मिलिग्रॅम आणि सामू ७.० ते ७.८ असावा. तीन-चार महिन्यांनी, वापर जास्त असल्यास त्याआधीच, सर्व पाणी काढून टाकावे. पण त्यापूर्वी नळ्या धुण्याचे द्रव्य फिरवून जैवपटल, म्हणजे नळ्यांच्या आत जंतूंनी धरलेला बुळबुळीत थर, सोडवून घ्यावा, कारण त्याच्या आड दडलेल्या जंतूंपर्यंत जंतुनाशक नीट पोहोचत नाही. ब्रोमीनच्या डबीत क्लोरीनच्या गोळ्या कधीही टाकू नयेत. त्यांच्या मिश्रणाने आग लागू शकते वा विषारी वायू सुटू शकतो, म्हणून दोन्हींचे डबेही वेगवेगळ्या कोरड्या जागी ठेवावेत.