मोटारीस आग लागल्यास : एक पाठ व एक तालीम

(इयत्ता ४ थी ते ७ वी. विषय : सामान्य विज्ञान व नागरिकशास्त्र. वेळ : दोन तासिका, त्यांपैकी एक मैदानावर.)

१ जून १९४८ रोजी अहमदनगर आणि पुणे या शहरांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात वाहने इतकी वाढली की, आज कर्जत तालुक्यात दारापुढे मोटारसायकल उभी नाही अशी वस्ती विरळा. मुले जीपमधून शाळेत येतात, टेंपोतून यात्रेस जातात. शाळेची सहल सिद्धटेकला, राशीनच्या देवीला किंवा रेहेकुरीचे काळवीट पाहावयास निघते. वाहनात चढणे मुलांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु संकट आले असता वाहनातून कसे उतरावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. ही उणीव शाळेने भरून काढावयाची आहे.

पाठाचा हेतू

(१) वाहनास आग का लागते, हे मुलांना समजावे. (२) वाहनात बसताच बाहेर पडण्याच्या दोन वाटा शोधण्याची सवय त्यांना लागावी. (३) शिक्षकाची आज्ञा होताच रांगेने व लवकर बाहेर पडण्याचा सराव व्हावा. यांपैकी दुसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा होय. तो कसा, हे पुढील घटनांवरून ध्यानात येईल.

शिक्षकांसाठी माहिती : काही घटना

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. त्या आगीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. आठ जण वाचले. बस डाव्या कुशीवर पडल्यामुळे चढण्या-उतरण्याचे दार खाली दबले गेले होते. वाचलेल्यांपैकी काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले.

१९ मार्च २०२५ रोजी पुण्याजवळ हिंजवडी येथे कामगारांना नेणाऱ्या एका लहान प्रवासी गाडीस आग लागली. पुढे बसलेले बाहेर पडले. मागच्या बाजूस बसलेल्यांना मागील दार उघडता आले नाही आणि चौघांचा अंत झाला.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी थायलंड देशात शाळेची सहल नेणारी बस पेटली. २० विद्यार्थी व तीन शिक्षक दगावले. मृतदेह बहुतेक बसच्या मधल्या व मागील भागात सापडले. ही बस दाबाखालील वायूवर चालणारी होती आणि परवानगीपेक्षा अधिक टाक्या तिच्यावर बसविलेल्या आढळल्या.

आता आपल्याच भागातील एक निराळी घटना पाहू. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून अहमदनगरकडे येणाऱ्या रेल्वेगाडीच्या पाच डब्यांना आग लागली. डबे जळाले, पण जीवितहानी झाली नाही. कारण गाडी थांबली व प्रवासी वेळीच खाली उतरले.

या चारही घटनांत आगीचे कारण वेगवेगळे असेल, परंतु बोध एकच आहे. वाट मोकळी मिळाली तेथे माणसे वाचली. एकच वाट होती आणि ती बंद झाली तेथे माणसे अडकली. आग विझविण्याचे सामर्थ्य मुलांजवळ नसते, शिक्षकाजवळही बहुधा नसते. वाट आधी माहीत करून घेणे मात्र दोघांच्याही हाती आहे.

पहिली तासिका : वर्गातील पाठ

साहित्य : मेणबत्ती, काड्यांची पेटी, काचेचा पेला, उदबत्ती, एका बाजूने उघडे असे पुठ्ठ्याचे खोके, पाण्याने भरलेली बादली. सर्व प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावेत. मुलांनी दुरून पाहावेत.

पहिला प्रयोग. मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला पालथा घालावा. ज्योत थोड्या वेळात विझते. मुलांना कारण विचारावे. जळण, उष्णता आणि प्राणवायू या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच आग टिकते, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. नंतर विचारावे : "मोटारीत या तीन गोष्टी कोठे असतात?"

जळण म्हणजे पेट्रोल, डिझेल, वायू. तसेच गाद्यांतील स्पंज, प्लॅस्टिक, रबर आणि तारांवरील वेष्टण. पेट्रोलची वाफ अत्यंत ज्वालाग्राही असते. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ती ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून थंडीच्या दिवसांतही पेट्रोल निर्धोक नसते. उष्णता इंजिनातून येते, धुराच्या नळीतून येते, आणि झिजलेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या तारा एकमेकींस चिकटल्या म्हणजे ठिणगीतूनही येते. जादा दिवे, कर्णे व गाण्याची यंत्रे जोडण्यासाठी मूळच्या तारा कापून भलतेच जोड दिलेले असतात. तेथे ही भीती विशेष. प्राणवायू तर सर्वत्र आहेच.

येथे आपल्या परिसरातील उदाहरणे द्यावीत. ज्वारी निघाल्यावर कडब्याने शिगोशीग भरलेले वाहन विजेच्या लोंबत्या तारांखालून गेले तर भार तारेस लागून पेट घेतो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर नुकतीच चाललेली गाडी उभी केल्यास खालची तापलेली नळी गवत पेटवू शकते. आधुनिक गाड्यांत धूर शुद्ध करणारे जे नळकांडे असते, त्याची उष्णता कित्येक शे अंशांपर्यंत जाते. रेहेकुरीसारख्या गवताळ रानाजवळ गाडी थांबवावयाची असल्यास ती उघड्या मुरमाड जागेवरच थांबवावी.

दुसरा प्रयोग. पुठ्ठ्याचे खोके उघडी बाजू खाली येईल असे धरावे आणि त्याखाली जळती उदबत्ती न्यावी. धूर वर जाऊन आधी छताशी साठतो व मग खाली उतरू लागतो. यावरून मुलांना सांगावे की, धुराने भरलेल्या गाडीत उभे राहू नये. वाकून, तोंडावर रुमाल धरून वाटेकडे सरकावे. जळत्या स्पंजाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात. ज्वाला अंगापर्यंत पोहोचण्यापूर्वीच माणूस या धुराने बेशुद्ध पडू शकतो. म्हणून दप्तर, डबा किंवा चपला शोधण्यात एक क्षणही घालवू नये.

दुसरी तासिका : मैदानावरील तालीम

मैदानावर फक्कीने बसचा आराखडा आखावा : लांबी ३५ फूट, रुंदी ८ फूट. पुढील डाव्या बाजूस दार दाखवावे. "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" ही अक्षरे एस.टी.च्या गाडीत मुलांनी वाचलेली असतात. तो मार्ग काही गाड्यांत पाठीमागे तर काहींत उजव्या अंगास असतो. तो निराळ्या खुणेने दाखवावा. आत चटया पसरून मुलांना दोन-दोनच्या ओळींत बसवावे.

पहिली फेरी. शिक्षकांनी "थांबा, उतरा!" असे दोनच शब्द मोठ्याने उच्चारावेत. दाराजवळच्या ओळीने प्रथम उठावे, नंतर मागच्या ओळींनी क्रमाने. कोणी कोणास ढकलू नये. लागलेला वेळ घड्याळावर पाहून फळ्यावर लिहावा.

दुसरी फेरी. मुले बसल्यावर शिक्षकांनी पुढील दारात स्वतः उभे राहून सांगावे : "हे दार पेटले आहे." मुलांनी आता दुसऱ्या वाटेने निघावयाचे आहे. पहिल्या वेळी गोंधळ होईल, होऊ द्यावा. मुले पुन्हापुन्हा बंद दाराकडेच धावतात, हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानात यावे, हाच या फेरीचा उपयोग होय.

तिसरी फेरी. प्रत्येक लहान मुलास वरच्या इयत्तेतील एक मूल जोडीदार म्हणून द्यावे. पाय अधू असलेल्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा जोडीदार आधी ठरलेला असावा व त्याची जागा दाराजवळ असावी. उतरल्यावर सर्वांनी शंभर पावले दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस व रस्त्यापासून बाजूला जाऊन उभे राहावे. तेथे ताबडतोब हजेरी घ्यावी. हजेरी पूर्ण झाल्याखेरीज तालीम संपली असे मानू नये.

लहान मोटारीविषयीही येथेच सांगावे. काही गाड्यांच्या मागील दारांस मुलांसाठी जे कुलूप असते, त्यामुळे ते दार आतून उघडत नाही. अशा वेळी पुढच्या बैठकीवर चढून पुढील दाराने निघावे. काच फोडणे भाग पडल्यास बाजूच्या काचेच्या मध्यावर न मारता कोपऱ्यावर टोकदार, कठीण वस्तूने मारावे; समोरची मोठी काच सहसा तडकते, पण वेगळी होत नाही. बसमध्ये यासाठी लहान हातोडी लावलेली असते, ती कोठे आहे हे चढतानाच पाहून ठेवावे.

सहलीपूर्वी शिक्षकांनी पाहावयाच्या गोष्टी

१. वाहनाचे योग्यता-प्रमाणपत्र चालू आहे किंवा नाही. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पंजाबातील लोंगोवाल येथे शाळेची एक जुनी, अयोग्य गाडी पेटून चार बालके दगावली. आजूबाजूच्या शेतांतील माणसे धावून आल्याने इतर मुले वाचली. भाडे कमी पडते म्हणून वाहन पत्करणे हे काटकसरीचे काम नव्हे.

२. संकटकाळचे दार प्रत्यक्ष उघडून पाहावे. त्याच्यापुढे जादा बाक, सामानाच्या पेट्या किंवा दोरखंड असल्यास ते हलवूनच मुलांना बसवावे.

३. अग्निशामक नळकांडे जागेवर आहे काय, त्यावरील काटा हिरव्या भागात आहे काय, मुदत संपली नाही ना, हे पाहावे. चालकास ते वापरता येते काय, हेही विचारावे.

४. गाडी वायूवर चालणारी असल्यास टाकीच्या तपासणीची तारीख विचारावी. ही तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

५. स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल, स्टोव्ह, फटाके यांपैकी काहीही मुलांच्या गाडीतून नेऊ नये. इंधन भरताना मुलांना खाली उतरवावे.

६. रबर जळाल्याचा किंवा पेट्रोलचा वास आल्यास चालकास तत्काळ गाडी थांबवावयास सांगावे. "पुढच्या गावी पाहू" हे उत्तर शिक्षकांनी स्वीकारू नये. वास खोटा ठरला तर पाच मिनिटे जातील. खरा ठरला तर मुले खाली उतरलेली असतील.

केंद्र शासनाने जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या व शाळेच्या बसगाड्यांतील प्रवासी भागासाठी आगीची सूचना देणारी व आग दाबणारी यंत्रणा असावी, असा नियम काढला. प्रवाशांना बाहेर पडण्यास अधिक वेळ मिळावा, हा त्यामागील उद्देश आहे. तथापि सहलीसाठी मिळणारे वाहन जुने असू शकते. म्हणून यंत्रणा असो वा नसो, तालीम आवश्यकच आहे.

प्रत्यक्ष प्रसंगी

चालकाने गाडी कडेला थांबवून इंजिन बंद करावे. आधी मुले उतरवावीत, मग इतर सर्व गोष्टी. इंजिनाचे झाकण एकदम पूर्ण उघडू नये. आत आलेल्या हवेने ज्वाला भडकते. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते. आग अगदी लहान असेल तर भुकटीचे नळकांडे किंवा माती वापरावी, एरवी दूर राहावे. ११२ किंवा १०१ या क्रमांकास आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकास कळवावे. कळविताना गावाचे नाव, रस्ता व जवळची ठळक खूण सांगावी. सामान काढण्यासाठी कोणालाही पुन्हा आत जाऊ देऊ नये.

कपडे पेटल्यास धावू नये : थांबावे, जमिनीवर पडावे, लोळावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे स्वच्छ पाणी सोडावे. बांगड्या, अंगठी, करगोटा सूज येण्यापूर्वी काढावा. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. शाई, हळद, तेल किंवा दंतमंजन लावू नये. स्वच्छ कपड्याने झाकून दवाखान्यात न्यावे.

फळ्यावर लिहावयाचा सारांश

बसताच दोन वाटा पाहा. – आज्ञा होताच उतरा. – वाकून चला. – दप्तर सोडा. – दूर जा, हजेरी द्या. – परत फिरू नका.

उजळणीचे प्रश्न

१. आग टिकण्यास कोणत्या तीन गोष्टी लागतात? २. धुरात उभे का राहू नये? ३. वाळल्या गवतावर गरम गाडी का उभी करू नये? ४. पुढचे दार पेटले असता तुम्ही कोठून बाहेर पडाल? ५. पेट्रोलच्या आगीवर पाणी का चालत नाही?

स्वाध्याय

मुलांनी पुढच्या खेपेस एस.टी.त किंवा जीपमध्ये बसल्यावर बाहेर पडण्याच्या वाटा मोजाव्यात, त्यांचे चित्र वहीत काढावे व ते घरच्या मंडळींस समजावून सांगावे. घरी गाडी असेल त्यांनी तिचे मागील दार आतून उघडते किंवा नाही, हे वडीलधाऱ्यांसमक्ष पाहावे. शिक्षकांनी ही तालीम वर्षातून निदान दोनदा घ्यावी : एकदा शाळा सुरू होताच, आणि एकदा सहलीच्या आदल्या दिवशी. प्रत्येक वेळी लागलेला वेळ सहलीच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावा, म्हणजे पुढील वर्षी वर्ग हाती घेणाऱ्या शिक्षकास तेथून पुढे सुरुवात करता येईल.