अंधुक दीर्घिकांचा शोध

दीर्घिका म्हटले की अब्जावधी ताऱ्यांची भव्य चक्रे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु विश्वात संख्येने अधिक आहेत त्या बटू दीर्घिका. त्यांत तारे थोडे असतात, त्यामुळे त्यांचा क्षीण प्रकाश पृथ्वीच्या वातावरणात व रात्रीच्या आकाशाच्या मंद उजेडात हरवून जातो. १९९० साली सोडलेली हबल दुर्बीण वातावरणाच्या वर राहून निरीक्षण करते. तिला असे मंद तारेही सुटे सुटे टिपता येतात.

इटलीचे खगोलशास्त्रज्ञ लुइजी बेदिन व त्यांचे सहकारी हबलच्या साहाय्याने मयूर तारकासमूहातील ‘एनजीसी ६७५२’ या तारकागुच्छाचे वय ठरवू पाहत होते. हा गुच्छ आपल्याच आकाशगंगेत, सुमारे १३ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. छायाचित्राच्या कडेला त्यांना मंद ताऱ्यांचा एक पुंजका आढळला. तो गुच्छाचाच भाग समजून पुढे जाणे सोपे होते. त्यांनी मात्र त्या ताऱ्यांची तेजस्विता व तापमान तपासले. तेव्हा ते तारे गुच्छाचे नसून त्याच्या कितीतरी मागे, सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले. २०१९ च्या जानेवारीत ही बटू दीर्घिका ‘बेदिन १’ या नावाने जगासमोर आली. तिचा विस्तार जेमतेम ३ हजार प्रकाशवर्षांचा. तेज आकाशगंगेच्या सुमारे हजारपट कमी. वय मात्र सुमारे १३ अब्ज वर्षे, म्हणजे जवळजवळ विश्वाइतकेच.

अशा शोधांचे महत्त्व काय? मोठ्या दीर्घिकांभोवती असंख्य लहान दीर्घिका असाव्यात, असे सिद्धान्तावर आधारलेले गणित सांगत होते; प्रत्यक्षात मात्र फारच थोड्या सापडत होत्या. सिद्धान्त चुकीचा की गणना अपुरी, हा प्रश्न अनेक वर्षे शास्त्रज्ञांपुढे होता. त्याचा निर्णय करताना प्रत्येक नवी अंधुक दीर्घिका पुरावा म्हणून मोलाची ठरते.

इतिहासाच्या अध्यापनात आम्हांला हीच सावधगिरी बाळगावी लागते. दरबारी कागदपत्रांत ज्यांचे नाव नाही, ते लोक नव्हतेच असा निष्कर्ष काढता येत नाही. शिलालेख, नाणी व उत्खननातील खापरे त्यांची साक्ष देतात. ती वाचण्याचे साधन व चिकाटी मात्र आपल्याजवळ हवी. आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान निवडो वा इतिहास, चित्राच्या कडेला राहिलेल्या गोष्टीही तपासण्याची सवय त्यांनी अंगी बाणवावी, हीच आमची अपेक्षा.