वार्धक्य आणि विस्मरण

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. ऐकावयास ती गमतीची वाटते. परंतु तिने कित्येक वृद्धांवर अन्याय केला आहे. आजोबा चष्मा कोठे ठेवला ते विसरले, आजीने एकच गोष्ट दोनदा सांगितली, की आपण हसतो आणि या म्हणीचा आधार घेऊन मोकळे होतो. बुद्धी खरोखरच नाहीशी झाली आहे काय, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

जळगावजवळच्या आसोदे या गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्यांनी शाळा कधी पाहिली नाही. त्यांना अक्षरओळखही नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्यांना गाणी सुचत आणि ती त्या मुखानेच म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लिहून घेणारे कोणी नसते, तर हे सारे धन त्यांच्या स्मरणाबरोबरच लोपले असते.

आता एक कल्पना करा. १९७५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी बुद्धीची तपासणी करण्यासाठी तीस गुणांची एक प्रश्नावली तयार केली. पुढे ती जगभर वापरली गेली. तीत कागदावरील आज्ञा वाचून तिच्याप्रमाणे वागावयाचे असते आणि एक वाक्य लिहावयाचे असते. ही प्रश्नावली बहिणाबाईंपुढे ठेवली असती, तर या थोर कवयित्रीचे गुण कापले गेले असते! दोष बुद्धीचा नव्हे, मापाचा. हे ओळखून हरियाणातील बल्लभगढ येथे संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी निराळी प्रश्नावली तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते आणि आज्ञा वाचण्याऐवजी समोरच्याने डोळे मिटले की आपणही मिटावयाचे असतात.

माप चुकते तशी कारणेही चुकीची धरली जातात. ज्याला नीट ऐकूच येत नाही, तो सांगितलेले ध्यानात कसे ठेवणार? जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, थायरॉईड ग्रंथीचा विकार, मनाची उदासीनता यांमुळेही स्मरण मंदावते आणि योग्य उपचारांनी ते पुष्कळदा सुधारते. म्हणून विस्मरण वाढू लागले की प्रथम डॉक्टरांकडे जावे. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शरीराचे दुबळेपणही बुद्धीला बाधक ठरते. मोतीबिंदूमुळे उंबरठा दिसत नाही, पाय अडखळतो, आणि ठिसूळ झालेले खुब्याचे हाड मोडते. मग अंथरुणास खिळलेल्या माणसाचे स्नायू झिजतात, बोलणेचालणे तुटते आणि मनही कोमेजू लागते. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर एक लहानसा दिवा तेवत ठेवला, तर यांतील किती संकटे टळतील!

तथापि काही विस्मरण हा खरोखरच मेंदूचा रोग असतो. किल्ली कोठे ठेवली हे कोणीही विसरेल. किल्ली कशासाठी असते हेच आठवेनासे झाले, तर ती गोष्ट निराळी. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथे आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एक्कावन्न वर्षांची अशीच एक रुग्ण स्त्री पाहिली. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्याचे पेशीजाल झिजलेले होते. आज तो रोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे सात जणांना या ना त्या प्रकारचा स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णवांना ती म्हण लागू पडत नाही.

या रोगात नव्या आठवणी आधी पुसल्या जातात. जुन्या पुष्कळ काळ टिकतात. सकाळी कळण्याची भाकरी खाल्ली हे आजीला आठवत नाही, पण लहानपणीची जात्यावरची ओवी ती अडखळल्यावाचून म्हणते. तिन्हीसांजेला ती लुगडे सावरून उठते आणि म्हणते, "मी माहेरी जाते, माय वाट पाहते." ही तिची लबाडी नव्हे, तिच्या मनात माय जिवंतच असते. "तुझी माय केव्हाच वारली," असे तोडून सांगितले, तर तिला ते दुःख प्रथमच ऐकल्यासारखे होते. आणि उद्या पुन्हा सांगितले, तर उद्याही तितकेच होते. त्यापेक्षा नातवाने जवळ बसून विचारावे, "आजी, तुझ्या माहेरची विहीर कोणत्या बाजूला होती गं?" ती सांगू लागते, आणि सांगता सांगता तिचे जाणे राहून जाते.

प्रत्येक वेळी असे जमेलच असे नाही. एखादे दिवशी दार उघडे राहते आणि आजी निघून जाते. यासाठी घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिच्या पदराला शिवून ठेवावी आणि गल्लीतील दुकानदारास, बसथांब्यावरील लोकांस तिची आधीच ओळख करून द्यावी. आजी दिसली तर तिला ओरडून थांबवू नये. तिच्याबरोबर चार पावले चालावे, माहेरची विचारपूस करावी आणि बोलता बोलता तिला घराच्या वाटेला वळवावे.