रिपोर्ट आणि पुढची तारीख

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडतो, त्यावर ‘ॲबनॉर्मल’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ दिसतं आणि बाईच्या डोक्यात एकच शब्द घुमायला लागतो: कॅन्सर. रात्रीची झोप उडते, मुलांचं कसं होईल याचे हिशेब सुरू होतात, आणि घरात मोकळेपणाने सांगावं तर दुखणं ‘तिथलं’. ही भीती खुळी नाही. आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत स्तनाच्या कॅन्सरखालोखाल गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो, आणि दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो नव्याने होतो. म्हणून ‘काही काळजी करू नका’ एवढं सांगून बाईला घरी पाठवणं मला पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की या काळजीला काम द्यावं. असा रिपोर्ट आलेल्या बहुतेक जणींच्या हाती भरपूर वेळ असतो, आणि कामाविना मोकळी राहिलेली काळजी नेमका तोच वेळ घालवते. कुणी रिपोर्ट कपाटात साड्यांखाली सरकवून पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाही, तर कुणी घाबरून नको ते ऑपरेशन करून घेते.

वेळ असतो तो का, हे आधी पाहू. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या लांबलेल्या संसर्गातून होतो. शारीरिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच, आणि बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला हाकलून लावतं. थोड्या जणींत तो ठाण मांडतो. त्यांतल्याही काहींच्याच पेशी बदलतात, आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणून रिपोर्टवरचा शब्द कोणत्या चाचणीचा आहे हे पहिल्यांदा विचारा. एचपीव्ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे विषाणू सापडला, इतकंच. पॅप चाचणीत ‘एएससी-यूएस’ लिहिलं असेल तर पेशी जराशा वेगळ्या दिसल्या, पण कारण ठरवता आलं नाही; साध्या दाहानेही असं दिसू शकतं. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, ‘एचएसआयएल’ म्हणजे ठळक बदल. बायोप्सीनंतर, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासल्यावर, सीआयएन १, २ किंवा ३ अशी पायरी लिहितात. सीआयएन १ बहुधा आपोआप मागे फिरतं. सीआयएन २ देखील उपचाराविना लक्ष ठेवलं तर दोन वर्षांत निम्म्या जणींत मागे हटतं, असं २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दिसलं. तिसऱ्या पायरीचे बदलसुद्धा अजून वरच्या आवरणातच असतात; कॅन्सर त्याच्या पुढचा.

काळजीला काम दिलं तर जीव वाचतात, याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत १९९९ साली टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाच्या मदतीने एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी झाली, त्यात साधारण दहातल्या एकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे बदल तपासलेल्यांपैकी शंभरात जेमतेम एकीला निघाले. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींना उपचारांची गरजच नव्हती. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीमुळे त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचं दिसलं. चाचणी नुसती रोग दाखवते, बरा करत नाही. जीव वाचले ते पॉझिटिव्ह आलेल्या बायका पुढच्या तपासणीला आल्या आणि लागेल तिला उपचार मिळाले म्हणून. शेतातलं काम, पाहुणेरावळे, एसटीचं वेळापत्रक हे सगळं सांभाळून त्या आल्या, याचं मला फार मोल वाटतं.

इथे हुशार वाचक विचारेल, आपोआप जातंच तर उपचार हवेतच कशाला? याचं उत्तर न्यूझीलंडमध्ये फार महाग पडून मिळालं. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत सीआयएन ३ असलेल्या कित्येक बायकांवर, त्यांना नीट न सांगता, पुरेसे उपचार केले गेले नाहीत. २००८ मध्ये त्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसता तुकडा काढून सोडून दिलेल्यांपैकी ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के बायकांना कॅन्सर झाला, आणि पुरेसे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एका टक्क्याहूनही कमी राहिलं. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेच उपचाराचं काम. म्हणून पहिल्या पायरीला थांबणं आणि तिसऱ्या पायरीला न थांबणं या दोन सल्ल्यांत विसंगती नाही. दुसऱ्या पायरीला वय, पुढे मूल हवं आहे का आणि बाई नियमित येऊ शकेल का, हे पाहून ठरवावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: ‘एकदाची पिशवीच काढून टाका ना डॉक्टर, कटकट संपेल!’ मूल होऊन गेलंय, आता तिचं काम काय, असंही घरचे म्हणतात. हा विचार भीतीतून येतो आणि भीतीचा धंदाही करता येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघडकीला आलं. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेल्यावर कॅन्सरची भीती घातली गेली, असं त्यांतल्या कित्येकींनी सांगितलं. राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सौम्य बदलांसाठी पिशवी काढणं म्हणजे दाराचं बिजागर करकरतं म्हणून घर पाडणं. शिवाय कटकट संपतही नाही. ठळक बदलांसाठी पिशवी काढली तरी विषाणू योनीमार्गात राहू शकतो, त्यामुळे तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आत खरोखर कॅन्सर दडलेला असेल आणि तो न तपासता साधं ऑपरेशन उरकलं, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. काही मोजक्या कारणांसाठी पिशवी काढणं योग्य असतं, पण ते कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून केलेली तपासणी, आणि बायोप्सीनंतर ठरतं. त्याआधी कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. त्यात कुणाचा अपमान होत नाही.

तिसरी गोष्ट बायका विचारत नाहीत, मनातच कुढतात. विषाणू संबंधांतून येतो म्हटल्यावर घरात संशय शिरतो. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, आणि तो कधी आला, कुणाकडून आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे आजचा रिपोर्ट हा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वागणुकीचा पुरावा होऊच शकत नाही. हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगावं, अशी मागणी तुम्ही जरूर करा.

आता त्या कोल्पोस्कोपीबद्दल, कारण भीतीचा मोठा वाटा तिथे काय करतील याचा असतो. आतल्या तपासणीला झोपतात तसंच झोपायचं. आत स्पेक्युलम बसवतात, बाहेरूनच दुर्बिणीसारख्या यंत्रातून पिशवीचं तोंड मोठं करून पाहतात. त्यावर कापसाने ॲसिटिक ॲसिड लावतात. हे व्हिनेगरमधलंच आम्ल. जरा चुरचुरतं. मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढरा उमटतो. तिथून तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतात, तेव्हा चिमटा बसल्यासारखं वाटतं. पंधरा-वीस मिनिटांत बाई उठून चालू लागते. माहितीपत्रक वाचल्याने समज वाढते, पण तेवढ्याने भीती कमी होत नाही, आणि तपासणी चालू असताना संगीत लावलं तर होते, असं यावरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून सगळं वाचूनही पोटात गोळा येत असेल तर स्वतःला दोष देऊ नका. मोबाइलवर आवडतं गाणं लावू का, असं विचारा, बहीण किंवा मैत्रीण सोबत न्या आणि दुखलं की थांबायला सांगा.

उपचार लागलेच, तर बहुधा बदललेला भाग गोठवतात, उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या बारीक कडीने काढतात. या शेवटच्याला लीप म्हणतात आणि तो भाग बधिर करून होतो. नंतर दोन-चार आठवडे पाण्यासारखं अंगावरून जातं, ते अपेक्षित आहे. तेवढे दिवस संबंध टाळा. मात्र पाळीपेक्षा जास्त रक्त, ताप किंवा घाण वास अंगावर काढू नका. मूल हवं असेल तर लीपआधीच सांगा, कारण खोलवर भाग काढल्यास पुढे बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो, आणि डॉक्टर किती खोल जायचं ते त्यानुसार ठरवतात. काहींत बदल पुन्हा येतात, म्हणून सहा महिन्यांनी चाचणी करतात आणि नंतरही अनेक वर्षं ठरावीक अंतराने. दवाखान्यातून निघण्यापूर्वी ही तारीख स्वतःच्या हाताने लिहून घ्या आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. कालनिर्णयच्या त्या चौकोनात नुसती एक फुली केलीत तरी चालेल. आणि संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मागचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी त्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं.